दान घेण्याचा अधिकार

१७ डिसेंबर १८३५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, एक छोटंसं टिपण धाडलं. लंडनच्या अमेरिकी वकिलातीतून आलेली काही पत्रं त्याला जोडलेली होती. जेम्स स्मिथसन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाची जवळपास सगळी मालमत्ता त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे आता अमेरिकेकडे येऊ घातली आहे, ती सुमारे एक लाख पौंडांची आहे, आणि तिच्यातून वॉशिंग्टन शहरात ज्ञानाची वाढ व प्रसार करणारी एक संस्था काढायची आहे, असा त्यांचा मजकूर. जॅक्सन म्हणजे कुणाला फारसं विचारत बसणारा माणूस नव्हे. राष्ट्रीय बँकेचं नूतनीकरण त्यांनी काँग्रेसच्या नाकावर टिच्चून रोखलं होतं. या वेळी मात्र त्यांनी सरळ लिहिलं की ही देणगी स्वीकारण्यासाठी एकही पाऊल उचलण्याचा अधिकार मला नाही, काय करायचं ते काँग्रेसने ठरवावं.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपण म्हणतो. घरगुती व्यवहारात ते ठीकच आहे. पण गाय सरकारच्या गोठ्यात यायची असेल तर दात मोजावेच लागतात, आणि ते कुणी मोजायचे हेही आधी ठरवावं लागतं. सरकारची तिजोरी लोकांच्या करातून भरते आणि तिच्यातला पैसा कशावर खर्च करायचा हे लोकांचे प्रतिनिधी ठरवतात. बाहेरून कुणी थैली आणून दिली आणि एखाद्या खात्याने ती परस्पर ठेवून घेतली, तर त्या खात्याला प्रतिनिधींना न विचारता कामं करण्याची वाट मोकळी होते. शिवाय थैलीसोबत अट येते. ती पाळायची म्हणजे पुढच्या कित्येक पिढ्यांच्या सरकारांना आज बांधून टाकायचं. जॅक्सनच्या त्या चार ओळींतून जो वाद उभा राहिला तो अकरा वर्षं चालला. सरकारने दान कसं घ्यावं याचे अमेरिकेतले बहुतेक नियम त्या वादातल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं आहेत, असं मला वाटतं. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

मुळात हा स्मिथसन कोण? त्याचा जन्म १७६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाला. आई एलिझाबेथ मेसी ही श्रीमंत विधवा. वडील ह्यू स्मिथसन पुढे नॉर्थंबरलंडचे ड्यूक झाले, पण आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. अनौरस मुलाला वडिलांचा किताब मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नाव लावायचंही ते आईचं. १८०० मध्ये आई वारल्यावरच त्याने स्मिथसन हे वडिलांचं आडनाव घेतलं. तोवर त्याने विज्ञानात स्वतःची जागा केली होती. १७८६ मध्ये ऑक्सफर्डची पदवी घेतल्यावर पुढच्याच वर्षी, विशी ओलांडता ओलांडता, तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. रसायन आणि खनिजं हे त्याचे विषय. जस्ताच्या खनिजांवर त्याने इतकं बारीक काम केलं की त्यातल्या एकाला पुढे 'स्मिथसोनाइट' असं नाव पडलं. कॉफी अधिक चांगली कशी करावी यावरही त्याने एक निबंध लिहिला आहे. त्याने लग्न केलं नाही. हयात बहुतेक युरोपात फिरण्यात गेली. अमेरिकेच्या किनाऱ्याला मात्र त्याचा पाय कधी लागला नाही.

२३ ऑक्टोबर १८२६ ला त्याने मृत्युपत्र केलं. मालमत्तेचं उत्पन्न पुतण्याला, हेन्री हंगरफर्डला, तहहयात मिळावं. त्याच्यामागे ती त्याच्या मुलांना जावी, मग ती मुलं औरस असोत की अनौरस. स्वतः अनौरसपणाचा चटका सोसलेल्या माणसाने हे शब्द मुद्दाम घातले असावेत असं वाचताना वाटून जातं. पुतण्याला मूलबाळ झालंच नाही, तर सगळं अमेरिकेला. संस्थेचं नावही त्याने लिहून ठेवलं, स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन. अमेरिकाच का, याबद्दल मृत्युपत्रात एक अक्षर नाही. २७ जून १८२९ ला इटलीतल्या जिनोआ इथे तो वारला. सहा वर्षांनी, जून १८३५ मध्ये, पुतण्याही पिसा इथे निपुत्रिक गेला. लंडनच्या वकिलांनी अमेरिकी वकिलातीला कळवलं की मृत्युपत्रातली ती शेवटची, कुणी फारशी मनावर न घेतलेली ओळ आता जिवंत झाली आहे.

सिनेटमध्ये विषय निघाला आणि पहिला विरोध आला तो दक्षिण कॅरोलायनाच्या दोन सिनेटरांकडून. एक जॉन कॅल्हून, दुसरे विल्यम प्रेस्टन. कॅल्हून म्हणाले, कुणाकडून भेटवस्तू स्वीकारणं हे या देशाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. प्रेस्टन यांना तर यात एका परक्या माणसाची नाव कमावण्याची हौस दिसली. आज याचं नाव संस्थेला दिलं तर उद्या कुणीही उपटसुंभ पैसे टाकून आपलं नाव अमर करायला येईल, असं ते म्हणाले. पण या मानापमानाच्या बोलण्याखाली एक गंभीर मुद्दा होता. संघराज्याला घटनेने मोजून दिलेले अधिकार आहेत. राष्ट्रीय विद्यापीठासारखी संस्था स्वतःच्या पैशाने काढण्याचा अधिकार काँग्रेसला नसेल, तर तीच संस्था दुसऱ्याच्या पैशाने काढण्याचा अधिकार कुठून आला? पैसा फुकट मिळाला म्हणून अधिकार वाढतो का? हा प्रश्न विचारणाऱ्यांचं राजकारण मला पटत नाही. दक्षिणेतल्या राज्यांची गुलामगिरी राखणं हे कॅल्हून यांचं आयुष्यभराचं काम होतं. तरी हा प्रश्न खरा होता, आणि आजही प्रत्येक सरकारी खात्याला तोच पहिला प्रश्न विचारला जातो.

तोडगा काढला तो व्हर्जिनियाचे सिनेटर बेंजामिन लेह यांच्या समितीने. वॉशिंग्टन हे शहर कुठल्याच राज्यात मोडत नाही. ते ज्या स्वतंत्र जिल्ह्यात आहे त्याची विधानसभा म्हणजे काँग्रेसच. एखादं राज्य आपल्या हद्दीतल्या धर्मादाय निधीचं विश्वस्त होऊ शकतं, त्याच नात्याने काँग्रेसही आपल्या जिल्ह्यातल्या संस्थेसाठी विश्वस्त होऊ शकते. म्हणजे हे दान राष्ट्राच्या खिशात जाणार नाही, राष्ट्र ते केवळ सांभाळणार. इथे आपल्या कल्पनेतलं दान आणि स्मिथसनची देणगी यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे दानावर उदक सोडलं की दात्याचा हक्क संपतो. घेणाऱ्याने त्याचं काय केलं हे विचारण्याचाही त्याला अधिकार उरत नाही. स्मिथसनने उदक सोडलेलं नव्हतं. त्याची थैली न्यासाची होती, आणि न्यास घेणारा मालक होत नाही, बांधला जातो. सिनेटने २ मे १८३६ रोजी ३१ विरुद्ध ७ मतांनी ही भूमिका मान्य केली.

प्रतिनिधिगृहात हे काम आलं जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे. वय सत्तरीला टेकलेलं, एकदा राष्ट्राध्यक्ष होऊन पायउतार झालेले आणि त्यानंतर साधे प्रतिनिधी म्हणून पुन्हा सभागृहात बसलेले. राष्ट्राध्यक्ष असताना १८२५ मध्ये त्यांनी देशाला वेधशाळा हवी असं म्हटलं होतं, तेव्हा विरोधकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. त्यांना या मृत्युपत्रात दैवी योग दिसला. त्यांच्या समितीने कायद्याचा मसुदा केला आणि १ जुलै १८३६ रोजी तो मंजूर झाला. त्या कायद्याचं तिसरं कलम मी या साऱ्या कथेचा कणा मानतो. आलेला पैसा तिजोरीत वेगळा ठेवला जाईल आणि तो मृत्युपत्रात सांगितलेल्या कामालाच लागेल, यासाठी अमेरिकेची 'पत', म्हणजे राष्ट्राने दिलेला शब्द, गहाण ठेवण्यात आली. पैसा अजून हातात यायचा होता. शब्द आधी दिला गेला.

पैसा आणायला रिचर्ड रश यांची नेमणूक झाली. हे माजी अर्थमंत्री, पूर्वी लंडनमध्ये राजदूत राहिलेले. देणगी आणायला जाणाऱ्या या प्रतिनिधीकडूनही कायद्याने ५ लाख डॉलरचा जामीन लिहून घेतला आणि खर्चासाठी १० हजार डॉलर मंजूर केले. लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात दावा दाखल झाला, वादी म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. हे न्यायालय दिरंगाईबद्दल बदनाम होतं. आठशेवर खटले रखडलेले, आजोबांच्या दाव्याचा निकाल नातवाने ऐकावा अशी परिस्थिती. त्यात पुतण्याची आई, मादाम द ला बातू, पुढे आली आणि तिने आपला वाटा मागितला. रशने तिच्याशी झगडा वाढवला नाही. सुमारे ५ हजार पौंडांचे सरकारी रोखे बाजूला काढून त्यांचं व्याज तिला तहहयात द्यायचं, तिच्यामागे ती मुद्दल अमेरिकेला यायची, अशी तडजोड केली. खटला चालू असताना इंग्लंडचा राजा वारला, अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली, अमेरिकेतही जॅक्सन यांच्या जागी व्हॅन ब्युरेन राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही दोन वर्षांच्या आत, ९ मे १८३८ रोजी, अमेरिकेच्या बाजूने निकाल लागला.

आता मालमत्ता वॉशिंग्टनला न्यायची कशी? ती होती रोख्यांत. रशने बाजारभाव पाहून ते विकले. हुंडीने रक्कम पाठवायची तर वटाव जाणार, विनिमयदराचा फटका बसणार. म्हणून त्याने सोनं न्यायचं ठरवलं. एक पौंडाची एक अशी १,०४,९६० सोन्याची सॉव्हरिन नाणी मोजून घेतली. हजार-हजारांच्या १०४ थैल्या झाल्या. १०५ वी थैली ९६० नाण्यांची. त्या अकरा पेट्यांत भरल्या. आठशे किलोहून जास्त सोनं. 'मीडिएटर' नावाच्या जहाजातून, स्मिथसनच्या खाजगी सामानाच्या पेट्यांसह, रश स्वतः ते घेऊन निघाला आणि ऑगस्ट १८३८ च्या अखेरीस न्यूयॉर्कला उतरला. तिथून नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत गेली आणि वितळवून त्यांची अमेरिकी नाणी पाडण्यात आली. एकूण भरली ५,०८,३१८ डॉलर आणि ४६ सेंट. रशने सेंटापर्यंतचा हिशेब दिला. या कथेत आपलं काम इतक्या चोखपणे करणारी माणसं दोन-चारच आहेत, आणि रश त्यांतला पहिला.

रश लंडनमध्येच होता तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मात्र घोटाळ्याची तयारी होऊन बसली होती. ७ जुलै १८३८ रोजी लष्करी अकादमीच्या खर्चाचं एक विधेयक मंजूर झालं. त्याच्या सहाव्या कलमात, अकादमीशी काडीचा संबंध नसताना, एक तरतूद घुसवली होती. स्मिथसनचा पैसा आला की तो राज्यांच्या रोख्यांत गुंतवावा, व्याज पाच टक्क्यांहून कमी नसावं. ऐकायला तरतूद शहाणपणाची. पण वर्षभरापूर्वीच, १८३७ मध्ये, देशात मोठी आर्थिक पडझड झाली होती. बँका बुडत होत्या, राज्यं कर्जात होती. अशा वेळी अर्थमंत्री लेव्ही वुडबरी यांनी ५ लाख डॉलर एकगठ्ठा अर्कान्सास राज्याच्या रोख्यांत घातले. अर्कान्सास १८३६ मध्ये नुकतंच राज्य झालेलं, आणि तिथल्या जमीनदारांच्या सोयीच्या एका बँकेला भांडवल पुरवायला हे रोखे काढलेले. काही वर्षांतच ती बँक बुडाली आणि राज्याने व्याज देणं थांबवलं. ज्ञानाच्या वाढीसाठी आलेलं सोनं तिथल्या कापसाच्या मळ्यांच्या उसनवारीत अडकलं.

ॲडम्स यांना हे सहन झालं नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. दात्याने पैसा अर्कान्सासला दिलेला नाही, तो आपल्याला दिला. आपण राष्ट्राचा शब्द दिला. रोखे बुडाले तर नुकसान आपलं, स्मिथसनचं नव्हे. विश्वस्ताने न्यासाचा पैसा चुकीच्या ठिकाणी गुंतवला तर भरपाई विश्वस्तानेच करायची असते. हे ते सभागृहात, समितीत, १८३९ मध्ये क्विन्सी आणि बॉस्टनला दिलेल्या व्याख्यानांत, जिथे मिळेल तिथे सांगत राहिले. ज्या काळात ते गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात दाखल करण्यासाठी एकाकी झुंज देत होते, त्याच काळात. सप्टेंबर १८४१ मध्ये काँग्रेसने ते सहावं कलम रद्द केलं आणि यापुढचं व्याज संघराज्याच्याच रोख्यांत गुंतवायचं ठरवलं. अडकलेल्या मुद्दलाचा प्रश्न तसाच राहिला.

पैसा कशाला वापरायचा यावर आठ वर्षं चाललेली चर्चा मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातलं पुष्कळसं प्रत्येकाने आपापला आवडता छंद पुढे करणं असंच होतं. कुणाला विद्यापीठ हवं होतं. ओहायोचे बेंजामिन टॅपन यांना शेतीची प्रयोगशाळा हवी होती. रुफस चोट यांना युरोपातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या तोडीचं भव्य ग्रंथालय हवं होतं. इंडियानाचे रॉबर्ट डेल ओवेन यांना शिक्षक घडवणारं विद्यालय हवं होतं. ॲडम्स यांना वेधशाळा. ॲडम्स यांनी शाळा-कॉलेजांना विरोध केला त्यामागचं कारण मात्र नोंदवून ठेवण्यासारखं आहे. आपल्या मुलांना शिकवणं हे या देशाचं स्वतःचं कर्तव्य आहे, ते परक्याच्या दानातून भागवू नये, असं ते म्हणत. जे काम सरकारने करायलाच हवं त्याच्यासाठी देणगी घेतली की सरकारची जबाबदारी हळूहळू सैल होते. दीडशेहून जास्त वर्षांनी, सरकारी शाळा आणि दवाखाने दात्यांच्या भरवशावर सोडले जाताना पाहिले की ॲडम्सचं ते वाक्य आठवतं. त्यांची वेधशाळा पुढे नौदलाच्या खर्चातून, नकाशे आणि उपकरणांच्या कोठाराच्या नावाखाली उभी राहिली, आणि त्यांनी आपला हट्ट सोडला. दुसऱ्या दोन गोष्टींवरचा हट्ट सोडला नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च फक्त व्याजातून. आणि बुडालेली रक्कम तिजोरीने भरून द्यायची.

१८४६ च्या कायद्यात दोन्ही गोष्टी आल्या. प्रतिनिधिगृहात तो ८५ विरुद्ध ७६ अशा काठावरच्या मतांनी आणि सिनेटमध्ये २६ विरुद्ध १३ मतांनी तरला. १० ऑगस्ट १८४६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी सही केली. कायद्याने असं धरलं की १ सप्टेंबर १८३८ ला तिजोरीत आलेले ५,१५,१६९ डॉलर जणू कुठे गेलेच नाहीत. ते संघराज्याला कायमचं कर्ज म्हणून दिलेले आहेत, आणि संघराज्य त्यावर दरसाल सहा टक्के व्याज देईल. मधल्या आठ वर्षांचं व्याजही, २,४२,१२९ डॉलर, तिजोरीने द्यायचं. अर्कान्सासकडून येणी येवोत न येवोत, तो सरकारचा आणि अर्कान्सासचा प्रश्न. संस्था चालवायला विश्वस्तांचं मंडळ नेमलं. उपराष्ट्राध्यक्ष, सरन्यायाधीश, वॉशिंग्टनचे महापौर, काँग्रेसचे सदस्य आणि बाहेरचे सहा नागरिक. संस्था कोणत्याही एका मंत्र्याच्या किंवा खात्याच्या मुठीत जाणार नाही अशी ही रचना होती. डिसेंबरमध्ये प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री पहिले सचिव झाले. ॲडम्स यांनी या कायद्याच्या बाजूने मत दिलं. दीड वर्षाने, फेब्रुवारी १८४८ मध्ये, सभागृहातल्या आपल्या जागेवरच ते कोसळले आणि दोन दिवसांनी गेले.

संस्थेच्या लाल वालुकाश्माच्या इमारतीचं काम १८५५ मध्ये पुरं झालं. बांधकाम व्याजातूनच. हेन्री यांना इतकी मोठी वास्तू नकोच होती, तो पैसा संशोधनात जावा असं त्यांचं म्हणणं. त्यांना आणखी एक भीती होती. १८५८ मध्ये सरकारी वस्तुसंग्रह संस्थेत हलवला गेला आणि तो सांभाळायला काँग्रेस दरसाल थोडी रक्कम देऊ लागली. सरकारी पैसा आत आला की त्याच्यामागून सरकारी राजकारण येईल, अशी ती भीती. ती पुरती खरी ठरली नाही, पण तेव्हापासून आजतागायत या संस्थेच्या दोन तिजोऱ्या आहेत. एक करदात्यांची, एक दात्यांची. दोन्हींचे हिशेब वेगळे राहतात. १८६५ च्या जानेवारीत इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर थंडीसाठी शेगडी बसवताना कारागिरांनी तिची धुराची नळी चिमणीऐवजी भिंतीतल्या पोकळीत सोडली होती. रशने जहाजातून आणलेलं स्मिथसनचं सामान, त्याची हस्तलिखितं, त्याने आयुष्यभर जमवलेले खनिजांचे नमुने, सगळं त्यात जळून गेलं. त्याची पुस्तकं वाचली. त्याच सुमारास मादाम द ला बातूच्या व्याजासाठी बाजूला ठेवलेली मुद्दलही लंडनहून आली, २६,२१० डॉलर ६३ सेंट. तडजोडीत ठरल्याप्रमाणे, पाव शतक उलटल्यावर.

दुसरे दाते यायला वेळ लागला. १८४६ चा कायदा एकाच दात्यासाठी बेतलेला होता. १८६७ मध्ये काँग्रेसने त्यात भर घालून हा निधी देणग्यांनी आणि बचतीने १० लाख डॉलरपर्यंत वाढवायला परवानगी दिली. मग पेन्सिल्व्हेनियाच्या जेम्स हॅमिल्टन यांचे १ हजार डॉलर आले, १८९१ मध्ये थॉमस हॉजकिन्स यांचे २ लाख आले. पैसा घेणं तुलनेने सोपं. वस्तू घेताना खरी कसोटी लागली. डेट्रॉइटचे उद्योगपती चार्ल्स फ्रीअर यांनी आशियाई कलेचा आपला संग्रह देऊ केला, इमारतीसाठी वर ५ लाख डॉलर देऊ केले, आणि अटी घातल्या. संग्रहातली वस्तू बाहेर कुठे प्रदर्शनाला द्यायची नाही, बाहेरची वस्तू त्या दालनात मांडायची नाही. विश्वस्त बिचकले. त्यातले बहुतेक कलेच्या बाबतीत अनभिज्ञ होते, आणि अशा अटी कायमच्या गळ्यात घ्याव्यात का हा प्रश्न वाजवीच होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जोर लावला तेव्हा १९०६ मध्ये ती देणगी स्वीकारली गेली. दालन उघडलं १९२३ मध्ये, फ्रीअर गेल्यानंतर.

एव्हाना नियम मूळ धरू लागला होता. १८४९ च्या कायद्याने सरकारसाठी हाती आलेला प्रत्येक पैसा, मध्ये कुठे खर्च न करता, सरळ तिजोरीत भरायचं बंधन घातलं होतं. त्यावरून पुढे सूत्र पक्कं झालं. काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून परवानगी दिली असेल तरच एखादं खातं देणगी स्वतःकडे ठेवून वापरू शकतं. नसेल, तर पैसा सर्वसाधारण तिजोरीत. ज्यांना नुसतं देशाला काही द्यायचं आहे त्यांच्यासाठी अर्थखात्याने १८४३ पासून एक खातंच उघडून ठेवलं आहे. १९२५ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी विश्वस्तनिधी मंडळ स्थापन झालं. संगीतप्रेमी एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांना तिथे संगीतसभागृह आणि मैफलींसाठी निधी द्यायचा होता, आणि तो घेण्याची कायदेशीर सोयच नव्हती. तिथेही स्मिथसनचाच साचा वापरला. मुद्दल तिजोरीत, व्याज कामाला, निर्णय मंडळाचा.

दोन उदाहरणं शेजारी ठेवली की या साच्याचं मोल कळतं. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स १९३५ मध्ये वारले. उरलेली मालमत्ता, अडीच लाखांवर डॉलर, त्यांनी अमेरिकेला दिली. अट नाही, हेतू नाही, एक शब्दही नाही. काँग्रेसने त्या पैशाचं काय करायचं हे ठरवायला वीस वर्षं घेतली; १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास लिहून घेण्यासाठी तो लावला गेला. याउलट अँड्र्यू मेलन. दशकभर अर्थमंत्री राहिलेला हा धनाढ्य माणूस १९३६ च्या डिसेंबरमध्ये आपला चित्रसंग्रह आणि तो ठेवायला इमारत राष्ट्राला देऊ करतो, आणि त्याच वेळी सरकारने त्याच्यावर करचुकवेगिरीचा दावा लावलेला असतो. ज्याच्याशी सरकारचा खटला चालू आहे त्याच्या हातून सरकारने दान घ्यावं का? आज अमेरिकेतल्या खात्यांच्या नियमावल्या दात्याचं आपल्याकडे काही प्रकरण अडकलं आहे का हे आधी तपासायला सांगतात. तेव्हा असा नियम नव्हता. खटला आपल्या जागी चालू राहिला, मेलनच्या मृत्यूनंतर करखटले ऐकणाऱ्या मंडळाने त्याला फसवणुकीच्या आरोपातून मोकळं केलं, आणि देणगी मार्च १९३७ च्या स्वतंत्र कायद्याने घेतली गेली. मेलनने इमारतीला आपलं नाव देऊ नका असं सांगितलं होतं, म्हणजे दुसरे संग्राहक आपली चित्रं द्यायला कचरणार नाहीत. त्या कायद्यात, दालनाच्या देखभालीचा खर्च सरकार कायम करील या आश्वासनासाठी, १८३६ चेच शब्द पुन्हा आले. अमेरिकेची पत गहाण.

आता पुन्हा जिनोआकडे. स्मिथसनला तिथल्या सान बेनिन्यो टेकडीवरच्या इंग्रजी दफनभूमीत पुरलं होतं. विसाव्या शतकाच्या तोंडाशी शेजारची दगडाची खाण टेकडी पोखरत आली आणि थडगी हलवायची वेळ आली. वॉशिंग्टनच्या विश्वस्तांपैकी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अवशेष अमेरिकेत आणायचं मनावर घेतलं. बाकीचे विश्वस्त फारसे उत्सुक नव्हते. बेल आणि त्यांच्या पत्नी मेबल १९०३ च्या डिसेंबरात स्वखर्चाने गेले, थडगं उघडलं, आणि जानेवारी १९०४ मध्ये स्मिथसन पहिल्यांदा अमेरिकेत आला. त्या लाल इमारतीच्या उत्तरेकडच्या दारालगत एक लहानशी खोली आहे, तिथे त्याला ठेवलं आहे. वर जिनोआहून आणलेलं संगमरवरी थडगं, पुतण्याने बसवलेलं. त्यावर कोरलं आहे की जेम्स स्मिथसन पंच्याहत्तराव्या वर्षी निवर्तला. प्रत्यक्षात तो चौसष्टच्या आसपासचा होता. दगड कुणी बदललेला नाही. तो जसा आला तसाच सांभाळला आहे.